बायपासनंतर पाळणा लांबवायचा कसा? (वजनाचं ऑपरेशन झालेल्यांनी प्लीज लिहा)

सोनटक्का | ९ जुलै २०२५, २२:४१

एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर नुसती वाचत असते, त्यामुळे पहिलाच धागा असा काढताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. विषय घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे.

वय ३१, पुण्यात असते, लग्नाला चार वर्षं झाली. १२ फेब्रुवारीला माझं मिनी गॅस्ट्रिक बायपास झालं. तेव्हा वजन ११२ होतं, आज सकाळी ८५.४. साखर आटोक्यात, गुडघे गप्प, जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही. तक्रार अशी काही नाही. एक वाटी वरणभात खायला चाळीस मिनिटं लागतात, तेवढं सोडा.

मला सोळाव्या वर्षापासून पीसीओडी. पाळी तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही. दोन डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, ‘मूल राहणं कठीण दिसतंय, वजन उतरवा मग बघू.’ त्यामुळे लग्नानंतर काळजी घ्यायची वेळच आली नाही. आणि आता? एप्रिलपासून पाळी ठरल्यासारखी ३२ दिवसांनी येतेय. कालनिर्णयवर गोल करत होते, तो बघून सासूबाईंनी विचारलं, "हे काय, दूधवाल्याचे खाडे का?"

सर्जननी डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ लिहिली होती, दीड वर्ष गर्भधारणा टाळा. ती ओळ प्रोटीन पावडर आणि टाक्यांची काळजी यांच्या मध्ये कुठेतरी. टाळायची कशी, ते नाही. फॉलोअपला विचारलं तर म्हणाले, ते गायनॅकना विचारा. आमच्या जुन्या गायनॅकबाई म्हणाल्या, "तुझ्या त्याच पीसीओडीच्या गोळ्या सुरू कर की, दोन्ही कामं होतील." पाकीट कपाटात आहेच. ऑपरेशनच्या आधी महिनाभर बंद करायला लावल्या होत्या, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

पण मला एक साधी शंका आहे. माझं आतडं वळवलंय म्हणून लोहाची गोळी नीट लागू पडत नाही, बी१२ चं इंजेक्शन घ्यावं लागतं. मग ही गोळी तेवढी बरोबर लागू पडेल, हे कशावरून?

---

उकडीचा_मोदक | ९ जुलै २०२५, २३:०५

तुझी शंका साधी नाहीये गं, अगदी नेमकी आहे. झोपू नकोस, मोठं लिहितेय.

माझी स्लीव्ह झाली चार वर्षांपूर्वी, ठाण्यात. स्लीव्हमध्ये पोट कापून केळ्याएवढं करतात, आतड्याला हात लावत नाहीत. म्हणून मला गोळ्या चालतील म्हणाले आणि मी घेतल्याही. फक्त पहिले तीन महिने माझं पोट म्हणजे रुसलेली जाऊबाई. पोळीचा तुकडा जरा मोठा झाला की अडकायचा आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर. रात्री साडेनऊला गोळी, दहाला उलटी. गोळी गेली की राहिली, देव जाणे. नवरा टॉर्च घेऊन बेसिनमध्ये बघायला तयार होता, मीच आवरलं त्याला.

तेव्हा आतडं शाबूत असलं तरी उलट्या आहेतच. पहिल्या महिन्यांत गोळीवर विसंबू नये, हे माझं मत. तुझं तर आतडंही वळवलेलं.

---

स्पष्टवक्ता | १० जुलै २०२५, ०७:१२

आधी शरीर कापून घ्यायचं आणि मग निसर्गाच्या विरोधात अजून औषधं. रोज सूर्यनमस्कार आणि रात्रीचं जेवण बंद केलं असतं तर ही वेळ आली नसती. बाकी सुरक्षित दिवस पाळले की झालं, आमच्या पिढीने हेच केलं.

---

उकडीचा_मोदक | १० जुलै २०२५, ०७:३०

आणि तुम्ही किती भावंडं हो, स्पष्टवक्ते?

---

स्पष्टवक्ता | १० जुलै २०२५, ०७:४४

सात. पण त्याचा इथे काय संबंध?

---

गोदाकाठ | १० जुलै २०२५, १०:२०

सोनटक्का, त्यांच्याकडे दुर्लक्ष कर. सुरक्षित दिवसांवर मात्र एक सांगते. जिची पाळी पंधरा वर्षं वेडीवाकडी होती आणि आता कुठे रुळावर येतेय, तिचे सुरक्षित दिवस कुठले ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता माझं. हे मी आजवर फक्त बहिणीला सांगितलंय.

जानेवारी २०२१ मध्ये माझा बायपास झाला, नाशिकला. त्याआधी लग्नाला नऊ वर्षं, दोनदा आयव्हीएफ करून हात टेकलेले. पाळणा लांबवायचा विचारसुद्धा मनाला शिवला नाही. आपल्याला काय राहतंय! माझ्या सर्जननीही विचारलं नाही. फाईलवर वंध्यत्व लिहिलेलं, मग कशाला विचारतील?

ऑगस्टमध्ये मळमळायला लागलं. मला वाटलं, काहीतरी चुकीचं खाल्लं. उलट्या झाल्या, वाटलं ऑपरेशनचंच. थकवा यायचा, वाटलं लोह कमी असेल. पाळी चुकली तेव्हाही वाटलं, जुनं दुखणं परत आलं. बायपासनंतर यातलं प्रत्येक लक्षण होऊ शकतं ना, म्हणून कुणाला संशयच येत नाही. सोनोग्राफीला गेले पित्ताशयातल्या खड्यांसाठी. वजन भराभर उतरलं की खडे होतात, म्हणून सर्जननी पाठवलं होतं. त्या मुलीने प्रोब जरा खाली सरकवला, थांबली आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला माहितीये ना?"

अकरा आठवडे.

नऊ वर्षं ज्यासाठी देव पाण्यात ठेवले ते असं समोर आलं आणि मला रडू आलं ते भीतीने. हिमोग्लोबिन ८.१, बी१२ तळाला. महिन्याला चार-पाच किलो उतरत होते, म्हणजे माझंच मला पुरत नव्हतं. गर्भ ठेवायचा की नाही, यावर घरात तीन दिवस कुणी धड जेवलं नाही. ठेवला. मग सलाइनमधून लोह, इंजेक्शनं, दर पंधरवड्याला रक्त, पोटात जरा दुखलं की धावत हॉस्पिटल, कारण बायपासवाल्यांना गरोदरपणात आतड्याला पीळ पडू शकतो म्हणे. साखरेच्या तपासणीला ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, त्या लॅबला माझं ऑपरेशन माहीत नव्हतं. ग्लास संपायच्या आत घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधार. याला डंपिंग म्हणतात, बायपासनंतर गोड भरकन आतड्यात उतरलं की होतं. बाकावरच आडवी झाले.

मुलगी ३७ आठवड्यांना झाली, २.३ किलोची. आता तीन वर्षांची आहे आणि हे लिहितेय तेव्हा माझ्या चपलेत पाय घालून घरभर हिंडतेय. सगळं ठीक झालं. तरीही ते नऊ महिने वैऱ्यालाही नकोत.

---

सोनटक्का | १० जुलै २०२५, १३:५५

गोदाकाठ, ऑफिसच्या वॉशरूममध्ये बसून वाचलं. काय लिहू? ‘आपल्याला काय राहतंय’ हे वाक्य शब्दशः माझंच आहे.

---

निवृत्त_सिस्टर | १० जुलै २०२५, १६:१०

मी ३२ वर्षं उपकेंद्रात काढली, सातारा जिल्ह्यात. एवढे पर्याय असताना पोरी गोळीपाशीच का अडता? सरकारी दवाखान्यात तांबी फुकट बसवून मिळते, ३७५ पाच वर्षांची आणि ३८०ए दहा वर्षांची. दर तीन महिन्यांनी अंतराचं इंजेक्शन आहे. छाया आहे, आठवड्याची गोळी, तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. आपल्या लखनऊच्या संस्थेने शोधलेली आहे, स्वस्त आणि मस्त.

आणि तांबी वर चढून काळजात जाते वगैरे कुणी सांगेल तर ऐकू नका. गर्भाशय म्हणजे बंद पिशवी, तिथून काळजाकडे रस्ता नाही. माझ्या हाताने शेकड्याने बसवल्यात.

---

डॉ_निशिगंध | १० जुलै २०२५, २३:३८

ओपीडी, दोन सिझेरियन आणि मुलाचा गणिताचा गृहपाठ उरकून आत्ता बसलेय, उशीर झाला. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापूर. इथे लिहिते ती माहिती. औषध मात्र समोर बसलेल्या डॉक्टरांकडूनच घ्या.

सोनटक्का, तुमची शंका बरोबर आहे. गोळीतले हार्मोन लहान आतड्यात शोषले जातात. मिनी बायपासमध्ये लहान आतड्याचा साधारण १५० ते २०० सेंटीमीटर भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला काढतात, म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीएवढा तुकडा. गोळी त्या वाटेने जातच नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने गर्भनिरोधकांची १ ते ४ अशी वर्गवारी केलीये. १ म्हणजे बिनधास्त, ४ म्हणजे अजिबात नको. शोषण कमी करणारं ऑपरेशन, म्हणजे बायपास, झालेल्यांना तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या ३ मध्ये येतात. एका हार्मोनच्या असोत की दोन. स्लीव्हवाल्यांना त्याच गोळ्या १ मध्ये, पण मोदकताईंच्या बेसिनचा किस्सा लक्षात ठेवून. तांबी, हार्मोनची तांबी आणि दंडातलं इम्प्लांट दोघींनाही १.

कपाटातलं पाकीट आणखी एका कारणाने नको. त्यात इस्ट्रोजेन असतं आणि तुमचं वजन अजून ८५ आहे. गुठळीचा धोका वजनाने वाढतो, इस्ट्रोजेनने आणखी. तुमच्या गायनॅकबाईंना दोष देत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशनच्या आधीची सोनटक्का आहे. सर्जनचा कागद त्यांच्यापर्यंत पोचलाच नसणार. आमच्याकडे हे रोज होतं. पेशंट दोन डॉक्टरांच्या मध्ये चिठ्ठ्या घेऊन फिरत राहते.

सिस्टर, तुमचा अनुभव माझ्याहून मोठा, तरी दोन ठिकाणी अडते. छाया पीसीओडी असणाऱ्यांना आम्ही देत नाही, आणि तीही पोटातूनच जायची. अंतरा पोटातून जात नाही, त्या दृष्टीने चांगलं. पण त्याने हाडं थोडी ठिसूळ होतात आणि बायपासवालीच्या हाडांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची आधीच ओढाताण. शिवाय शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला नऊ-दहा महिने सहज लागतात. हिला दीड वर्ष थांबून मग मूल हवंय, बरोबर ना? मग ते इंजेक्शन हिच्या हिशोबात बसत नाही.

राहिली साधी तांबी आणि हार्मोनची तांबी. सोनटक्का, दोन गोष्टी सांगा. हिमोग्लोबिन किती? पाळीत रक्तस्राव किती दिवस, कितपत?

---

झिपरी | ११ जुलै २०२५, ००:१९

डॉक्टर, थोडं अवांतर पण जवळचंच. मी २४, लग्न झालेलं नाही. ऑपरेशन नाही, माउंजारो (वजन उतरवायचं इंजेक्शन) घेतेय मे महिन्यापासून, आता ५ चा डोस. पीसीओडीसाठी गोळ्या घेते आणि, म्हणजे, त्यांचा दुसरा उपयोगही होतो. मला पण हे लागू होतं का?

---

डॉ_निशिगंध | ११ जुलै २०२५, ००:३१

होतं, आणि विचारलंत ते बरं केलं. माउंजारो पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं, त्यामुळे गोळीचं शोषण घटतं. औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढला की पुढचे चार आठवडे कंडोम वापरा, नाहीतर तोंडाने न घ्यायचा पर्याय निवडा. तुमचा डोस महिन्यामहिन्याने चढत असेल तर मधे मोकळा महिना उरतच नाही, हिशोब करून बघा. शिवाय वजन उतरलं की पीसीओडीवालीचं स्त्रीबीज परत तयार व्हायला लागतं. पाळी नियमित होण्याआधीच ते सुटतं, म्हणून पाळीची वाट बघत बसू नका.

आणि लग्न झालेलं नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला लाजू नका. तांबीला नवऱ्याची सही लागत नाही, आईचीही नाही.

---

झिपरी | ११ जुलै २०२५, ००:४०

बाप रे. आणि वेळ आलीच तर आय-पिल आहे ना?

---

टेम्सकाठी | ११ जुलै २०२५, ०३:०२

मी ब्रिटनमध्ये फार्मसिस्ट आहे, हे माझं रोजचं काम म्हणून मध्ये पडते. आय-पिलमध्ये लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं. इथल्या मार्गदर्शनात वजन ७० किलोच्या वर असलं की त्या एका गोळीचा भरवसा कमी धरतात. आमच्या काउंटरवर त्यासाठी वजन विचारावं लागतं आणि बायका माझ्याकडे खाऊ की गिळू बघतात. बायपासवालीला तर वजन कितीही असो, पोटातली गोळी ती पोटातलीच. पाच दिवसांच्या आत साधी तांबी बसवून घेणं हा आणीबाणीतला सगळ्यात खात्रीचा उपाय, तिला वजनाचं आणि आतड्याचं काही देणंघेणं नाही. तो सगळ्यांच्या डोक्यात सगळ्यात शेवटी येतो.

---

बापू_सोलापूरकर | ११ जुलै २०२५, ०९:४८

बायकांच्या धाग्यावर येऊ का नको असा विचार केला. मग म्हटलं, विषय दोघांचा आहे.

आमच्या मिसेसची स्लीव्ह २०२३ ला झाली, आम्हाला दोन मुलं आहेत, तिसरं नकोच होतं. ती ऑपरेशन, डाएट, केस गळणं, सगळ्यांतून जात होती. म्हटलं, आता हे एवढं तरी आपण करू. बिनटाका नसबंदी केली. पंधरा-वीस मिनिटांचं काम, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. सकाळी गेलो, दुपारी घरी येऊन धपाटे खाल्ले. दोन दिवस सायकल नाही, आठवडाभर जड उचललं नाही. ऑफिसात कळल्यावर एक जण म्हणाला, ‘आता ताकद कमी होईल.’ त्याला म्हटलं, तुला कुठे पोतं उचलून द्यायचंय का?

एक गोष्ट नीट ऐका. त्याच दिवसापासून चालत नाही. तीन महिने कंडोम, मग वीर्य तपासायचं, रिपोर्टमध्ये शून्य आलं की मोकळे. आमच्या ओळखीत एकाने तपासायचाच कंटाळा केला. त्याच्या धाकट्याचं बारसं आम्ही जेवून आलो.

(ज्यांना पुढे मूल हवंय त्यांच्यासाठी हे नाही, माहितीये. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं.)

---

उकडीचा_मोदक | ११ जुलै २०२५, १०:०५

बापू, तुमच्या मिसेसना सांगा, आम्ही सगळ्या जळतोय.

---

सोनटक्का | ११ जुलै २०२५, २१:२७

डॉक्टर, रिपोर्ट शोधून काढला. हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन ७. पाळी सहा दिवस, पहिले दोन-तीन दिवस दर तीन तासांनी पॅड. आधी महिनोन्महिने येत नव्हती तेव्हा एवढं कळायचं नाही. आता दर महिन्याला एवढं रक्त जातंय.

नवऱ्याशी बोलले. त्याचं म्हणणं, कंडोम आहेच की, दीड वर्षातलं एक वर्षच तर राहिलंय. बिचारा वाईट नाही, पण त्याच्या हिशोबात आठवड्यातून एकदा विसरणंही धरलेलं असतं.

---

डॉ_निशिगंध | ११ जुलै २०२५, २३:५०

फेरिटिन ७ म्हणजे लोहाची कोठी रिकामी. मग साधी तांबी तुमच्यासाठी नको, माझ्या मते. ती उत्तम आहे, पण पाळीचं रक्त वाढवते आणि तुम्हाला तेच परवडणारं नाही. सिस्टर, पटतंय का?

मी असते तर हार्मोनची तांबी सुचवली असती. मिरेना हे नाव लोकांना माहीत आहे, भारतीय कंपन्यांच्याही मिळतात. तिच्यातलं हार्मोन गर्भाशयातच पाझरतं, आतड्याची वाट तिला लागतच नाही. रक्तस्राव निम्म्याहून कमी होतो, काहींचा जवळजवळ थांबतो. बायपासवालीला हा बोनस आहे. पीसीओडीत महिनोन्महिने पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यालाही तिने आळा बसतो. आणि काढली की पुढच्या महिन्यापासून चान्स घेता येतो, अंतरासारखं थांबावं लागत नाही.

तिची वाईट बाजूही सांगते. बसवताना दुखतं, मूल न झालेल्यांना जरा जास्तच. ‘मुंगी चावल्यासारखं’ असं सांगणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना ती बसवून घ्यावी लागत नाही. वेदनाशामक हक्काने मागा. मात्र ब्रुफेनच्या जातीचं बायपासवालीला आम्ही टाळतो, जोडाच्या जागी अल्सर होतो म्हणून, तेव्हा बसवणाऱ्यांना ऑपरेशन आधी सांगा. पहिले तीन ते सहा महिने केव्हाही ठिपके दिसतात, चिडचिड होते. खर्चही साध्या तांबीच्या मानाने बराच.

आकडे हवे असतील तर, रोजच्या वापरात वर्षभरात शंभर जणींमधल्या साधारण ७ जणींना गोळीवर असताना दिवस राहतात, कंडोमवर १३ जणींना. हार्मोनच्या तांबीवर शंभरात एकही धड भरत नाही. यातला गोळीचा आकडा धडधाकट आतड्यांचा आहे. तुमच्या यजमानांना १३ दाखवा.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी ते ठरलं की लगेच गायनॅकला भेटा. काही ठिकाणी त्याच भुलीत तांबी बसवून देतात, दुखायचा प्रश्नच मिटतो. मात्र ते तुम्हालाच विचारावं लागेल, आपणहून कुणी सांगेल याच्या भरवशावर राहू नका.

---

निवृत्त_सिस्टर | १२ जुलै २०२५, ०६:४०

पटलं डॉक्टर. फेरिटिन ७ ला मीही बसवली नसती. आमच्या काळी फेरिटिन कुठलं, पापणी खाली ओढून बघायचो आणि लोहाच्या गोळ्या द्यायचो.

---

वाटाणा | १२ जुलै २०२५, ११:१५

दंडातल्या इम्प्लांटबद्दल कुणी फारसं बोललं नाही?

---

डॉ_निशिगंध | १२ जुलै २०२५, १४:०२

काडेपेटीतल्या काडीएवढी कांडी, दंडाच्या आतल्या बाजूला, तीन वर्षं. खात्री जवळपास सगळ्यात जास्त, आणि बायपासलाही चालतं. रक्तस्राव मात्र कधी काय करेल नेम नाही. कुणाचा थांबतो, कुणाचा रेंगाळतो. शिवाय आपल्याकडे ते अजून गावोगावी मिळत नाही. बसवणारा आणि काढणारा, दोघंही शिकलेले हवेत.

---

सोनटक्का | १४ ऑक्टोबर २०२५, २२:०८

धागा वर काढतेय. (माझा दुसरा धागाही, म्हणजे तांबीचा दोरा, डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात तपासला, तोही जागेवर आहे.)

तर झालं असं. मी दोन्ही डॉक्टरांचे कागद एका फाईलला लावले, वर एक पान जोडलं. ऑपरेशनचं नाव, तारीख, चालू औषधं, हिमोग्लोबिन, फेरिटिन. त्या पानाच्या झेरॉक्स काढून दोघांना दिल्या. आमच्या गायनॅकबाईंनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, हे मला आधी का नाही दाखवलंस? गोळ्या नको मग." मी काही बोलले नाही. आधी दाखवायला माझ्याकडे ते पानच नव्हतं.

२ ऑगस्टला हार्मोनची तांबी बसवली. दुखलं. दहा सेकंद तर असं दुखलं की मी टेबलाच्या कडेला लावलेलं रेक्झिन नखांनी ओरबाडलं. दिवसभर पोटाला शेक देत पडून होते, संध्याकाळी उठून ताक प्यायले. त्यानंतर सहा आठवडे ठिपके. पिवळा कुर्ता वाया गेला. परवाची पाळी मात्र तीन दिवसांत आटोपली, पॅडही दिवसाला दोनच. सलाइनमधून लोह घेतलं, हिमोग्लोबिन ११.४. वजन ७६.

सासूबाईंना सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. मला वाटलं महाभारत होणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तांबी वर चढते म्हणतात," एवढंच म्हणाल्या. त्यांना सिस्टरांचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. बंद पिशवीचं त्यांना पटलं. त्या स्वतः बाळंतपणात फार हाललेल्या आहेत, दोन बाळंतपणांमध्ये अकरा महिन्यांचं अंतर. हे मला चार वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

---

गोदाकाठ | १४ ऑक्टोबर २०२५, २२:३०

किती बरं वाटलं वाचून. फेरिटिन परत कधी करणार आहेस?

---

टेम्सकाठी | १५ ऑक्टोबर २०२५, ०२:४७

छान झालं. पुढच्या वर्षी तांबी काढायच्या आधी तीन-चार महिने सगळी जीवनसत्त्वं तपासून घे आणि मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवरचं लेबल वाच. अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात असेल तर बाळ राहायच्या आधी बीटा कॅरोटीनवालं घे, रेटिनॉल जास्त झालं तर गर्भाला बाधतं. फॉलिक अॅसिड किती घ्यायचं तेही तेव्हाच्या वजनावर ठरतं, डॉक्टरांना विचार. आणि गोदाकाठसारखं ग्लुकोजचं पाणी पिऊ नकोस. त्याऐवजी आठवडाभर घरी बोटाला टोचून साखर बघतात.

---

झिपरी | १५ ऑक्टोबर २०२५, ०९:११

मी पण बसवली, साधी तांबी, सप्टेंबरमध्ये. माझं हिमोग्लोबिन १३ आहे म्हणून चालेल म्हणाले. सरकारी रुग्णालयात गेले होते. तिथल्या सिस्टरनी विचारलं, मंगळसूत्र कुठाय? म्हटलं, अजून घडवायला टाकलं नाही. हसल्या आणि नंबर लावला.

---

सोनटक्का | १५ ऑक्टोबर २०२५, १३:२०

झिपरी, भारी!

गोदाकाठ, फेरिटिन जानेवारीत. तारीख सासूबाईंनी नव्या कालनिर्णयवर लिहूनही ठेवलीये, १२ ऑगस्टच्या चौकोनात दीड वर्षाचा गोलही त्यांनीच केलाय. दूधवाल्याचे खाडे आता हिरव्या पेनने.